वायफाय फुल्ल, बल्ब गुल

या वेळचं पत्र कर्वेनगरहून आलंय, थोडी काटछाट करून देतोय:

"दादा, आम्ही दोन फ्लॅट जोडून राहतो, तिसरा मजला. दिवाळीत मिस्टरांनी हौसेनं घर स्मार्ट केलं, अकरा बल्ब, चार प्लग (एक गिझरला), एक कॅमेरा दाराबाहेर आणि एक सासूबाईंच्या खोलीत. तेव्हापासून रोज काहीतरी ऑफलाइन. मोबाईलवर वायफायचे दांडे फुल्ल, पिक्चर मस्त चालतो, पण बल्ब हलायला तयार नाही. लाईट जाऊन आले की तर निम्मं घर मुकं. सासूबाईंचा कॅमेरा दुपारी एक ते चार हमखास बंद. १०० चा प्लॅन ३०० चा केला, नवा राउटर आणला, एक्स्टेंडर आणला, तरी तेच. कंपनीचा माणूस येतो, त्याच्या मोबाईलवर स्पीड दाखवतो, 'आमच्याकडनं ओके आहे मॅडम' म्हणतो आणि जातो. आता मिस्टर म्हणतायत पंधरा-वीस हजारांची मेश घेऊ. सासूबाई म्हणतात त्यापेक्षा बटणं बरी होती. मी कोणाचं ऐकू? – वैतागलेली"

ताई, आधी मिस्टरांना सांगा, कार्ड परत पाकिटात ठेवा. मेश, म्हणजे घरभर ठेवलेले दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय देणारा संच, वाईट नसते, काही घरांना लागतेच, पण तुमच्याकडे तीनदा औषध आणून झालं आणि दुखतंय कुठे ते अजून कोणी बघितलेलं नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या निम्म्या तक्रारी या आधीच्या औषधांमुळेच असाव्यात असा मला दाट संशय आहे, त्यावर येतोच.

पहिलं काम फुकटातलं आहे. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि आठ दिवस लिहीत जा, कुठला बल्ब गेला, किती वाजता, तेव्हा लाईट गेले होते का, घरातला इंटरनेट चालू होता का, आणि मुख्य म्हणजे भिंतीवरचं बटण चालू होतं का. हसू नका. माझ्या घरी गॅलरीतला दिवा रोज रात्री साडेनऊ-दहाला ऑफलाइन जायचा. मी तीन आठवडे राउटरशी भांडलो, त्याचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, चॅनल बदलले, शेवटी बल्बसुद्धा बदलला, आणि मग एकदा पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसलं की आमचे बाबा झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करतात, आयुष्यभराची सवय, "दिवा लागत नाहीये तर बटण कशाला चालू ठेवायचं". बरोबरच आहे त्यांचं. पण बल्बला करंटच नाही तर तो वायफाय कशानं धरणार? ज्या घरात तीन पिढ्या राहतात तिथे ऑफलाइनचं हे पहिलं कारण असतं आणि ते कुठल्याच राउटरच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आता तो कंपनीचा माणूस. तो खोटं बोलत नाहीये हो, त्याचं काम फायबर तुमच्या दारात आणून सोडणं एवढंच. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो, तो लाल लुकलुकत असेल तर वायर कुठेतरी तुटलीये, रस्ता खोदलाय नाहीतर झाडाच्या फांदीनं ओढलीये, तेव्हा त्याला जरूर बोलवा. तो दिवा शांत असेल आणि मोबाईलवर पिक्चर चालत असेल तर भानगड घराच्या आत आहे. राउटरपासून दोन फुटांवर उभं राहून स्पीड मोजला की तो चांगलाच येणार, त्यावरून मागच्या फ्लॅटमधल्या बेडरूमच्या बल्बचं काहीच कळत नाही.

आणि स्पीडचं म्हणाल तर, बल्बला लागतो किती? "चालू हो", "बंद हो" एवढा निरोप, म्हणजे एखाद्या छोट्या मेसेजएवढा. कॅमेऱ्याला थोडा जास्त लागतो, एक-दोन ते फार तर चार एमबीपीएस. १०० एमबीपीएसचा प्लॅन तुम्हाला भरपूर होता. नळाला पाणी येत नाही म्हणून गच्चीवर मोठी टाकी बसवावी तसं झालंय ते, पाइप मध्येच चोंदलाय त्याचं काय. प्लॅन निवांत परत खाली आणा, तेवढेच पैसे वाचतील.

पाइप कुठे चोंदलाय ते सांगतो. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाली वेगवान पण भिंतीपुढे गळपटते, २.४ वाली हळू पण लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी जाते. तुमचा मोबाईल दोन्ही बोलतो. हे बल्ब आणि प्लग मात्र जवळपास सगळे फक्त २.४ बोलतात, कारण आत बसवलेली चिप स्वस्तातली असते आणि तिला एवढंच येतं. म्हणजे मोबाईलवर जे फुल्ल दांडे दिसतात ते कदाचित ५ चे असतात आणि बल्बाला त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय बल्बाचा अँटेना म्हणजे आतल्या प्लेटवर काढलेली एक बारीकशी नागमोडी रेघ, वर बल्बाची धातूची बॉडी, त्यावर फॉल सीलिंगची पत्र्याची वाटी. त्याला राउटरचं ऐकू येतं पण त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही असंही होतं, आणि मग ॲप सांगतं डिव्हाइस प्रतिसाद देत नाही.

यात तुमच्या जोडफ्लॅटची भर. दोन फ्लॅटच्या मधे पूर्वीची बाहेरची भिंत असते, जाड, त्यात आरसीसीचे कॉलम, बऱ्याचदा दोन्हीकडची बाथरूम पाठीला पाठ लावून, म्हणजे टाइल्स, पाण्याचे पाइप, आरसे. पाणी आणि लोखंड हे वायफायचे दोन मोठे वैरी. आणि राउटर कुठे असणार ते मी न बघता सांगतो, पहिल्या फ्लॅटच्या मुख्य दारापाशी, चपलांच्या कपाटावर, नाहीतर टीव्हीच्या मागे, कारण फायबरवाल्याला तिथपर्यंतच वायर ओढायची होती. घराच्या एका टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर, आणि शेजारी लोखंडी कपाट असेल तर बघायलाच नको. पेठेतल्या जुन्या वाड्यांत तर दोन-दोन फूट जाड भिंती असतात, त्यामानानं तुम्ही सुखात आहात.

आता तो संशय. नवा राउटर आणला तेव्हा कंपनीच्या त्या फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलंत का? नसणार, बहुतेक कोणीच करत नाही. म्हणजे चपलांच्या कपाटावर दोन राउटर शेजारी शेजारी बसून एकाच वेळी ओरडतायत, पलीकडे एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचं ऐकून पुढे सांगणारा डबा, तिसरं नाव घेऊन ओरडतोय, प्रत्येकाच्या दोन पट्ट्या. दिवाळीतले बल्ब जुन्या नावाला चिकटलेले, नंतर परत जोडलेले प्लग नव्या नावाला, तुमचा मोबाईल तिसरीकडेच. एकाच घरात तीन चुली. आणि त्या एक्स्टेंडरला जिथे वायफाय पोचत नाही तिथेच लावलं असेल, सगळे तसंच करतात, पण त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार. तो अर्ध्या वाटेवर लावायचा असतो. तिथे लावला तरी साधा एक्स्टेंडर ऐकतो आणि बोलतो त्याच पट्टीवर, त्यामुळे वेग साधारण अर्धा होतो.

तर करायचं काय. एका रविवारी सकाळी बसा, दोन-तीन तास जातील, मुलं असतील घरात तर त्यांना कामाला लावा. कंपनीच्या डब्याच्या सेटिंगमध्ये जायचं, पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो (आत गेलाच आहात तर तो पासवर्ड बदलूनही टाका), आणि त्याचं वायफाय बंद करायचं. डबा राहू दे तिथेच, फायबर घेऊन देणं एवढंच त्याचं काम. मग नव्या राउटरमध्ये "स्मार्ट कनेक्ट" किंवा तसल्या नावाची सोय असते, जी २.४ आणि ५ ला एकच नाव देते, ती बंद करून दोन्हींना वेगळी नावं द्या. बल्ब जोडताना मोबाईलही २.४ वाल्या नावावर ठेवा, जोडणी अर्ध्यात फसते ती बहुतेक इथेच. आणि २.४ ला दिवाळीत जे नाव होतं तेच द्या, पासवर्डही तोच, अक्षराचाही फरक नको. बल्बाला राउटर बदललेला कळत नाही, त्याला फक्त नाव आणि पासवर्ड कळतो, दोन्ही जुळले की तो आपोआप येऊन चिकटतो, अकराच्या अकरा बल्ब परत जोडत बसायला नको. ही एक गोष्ट नवा राउटर आणताना कोणी सांगितली असती तर तुमचा अख्खा दिवस वाचला असता.

तिथेच सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए२ (वायफायच्या कुलुपाचा एक प्रकार) निवडा, कारण नवे राउटर डब्ल्यूपीए३ सुद्धा लावून येतात आणि या स्वस्त चिपांपैकी काहींना ते झेपत नाही. चॅनल म्हणजे पट्टीच्या आतली गल्ली, तिची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा. आणि चॅनल "ऑटो" वरून काढा. आपल्याकडे २.४ मध्ये १ ते १३ चॅनल असतात पण एकमेकांना न घासणारे तीनच, १, ६ आणि ११. तुमच्या सोसायटीत शंभर फ्लॅट असतील तर शंभर राउटर या तीन गल्ल्यांत गाड्या घालतायत, अगदी लक्ष्मी रोड दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मोबाईलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप घ्या, कुठली गल्ली त्यातल्या त्यात मोकळी आहे ते बघा आणि तिथे कायमचं ठेवा. ऑटोवर असलं की राउटर मनाला येईल तेव्हा गल्ली बदलतो, मोबाईल पटकन मागे जातो, बल्ब बिचारा जुन्या गल्लीत उभा.

तेच ॲप घेऊन एकदा घरभर फिरा. सिग्नल किती पोचतो त्याचे उणे आकडे दिसतील, उणे ५० म्हणजे छान, उणे ६५ पर्यंत ठीक, उणे ७५ च्या पलीकडे बल्ब टिकायचा नाही, उणे ८० ला आशा सोडा. मागच्या फ्लॅटमध्ये काय येतं ते कागदावर लिहा. माझा अंदाज आहे की तिथे रडारड असणार, आणि त्यावर खरा इलाज म्हणजे वायर. वायफायच्या दुखण्यावर वायर सांगतोय म्हणून नाराज होऊ नका, पण दोन फ्लॅटच्या मधल्या भिंतीतून सिग्नल ढकलत बसण्यापेक्षा तिच्या पलीकडे वायर नेणं सोपं आहे, आणि टीव्हीच्या केबलचा जुना पाइप बहुतेक गेलेलाच असतो. तपकीर गल्लीत कॅट सिक्स केबल मीटरवर मिळते, फक्त "तांब्याची" म्हणून मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते पण ती घेऊ नका. शंभर मीटरपर्यंत ही केबल काम देते, तुमच्या घरात पंधरा-वीस लागेल.

पलीकडच्या टोकाला नवीन काही विकत घ्यायचं नाही. तुमचा एक्स्टेंडर उलटा करून बघा, त्याला केबलचं भोक असेल आणि सेटिंगमध्ये "ॲक्सेस पॉइंट" असा मोड असेल तर झालं काम, त्याला तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, चॅनल मात्र वेगळा, पहिला १ वर असेल तर हा ११ वर. एखादा जुना राउटर माळ्यावर पडलेला असेल तर तोही चालतो, त्याचं डीएचसीपी बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करायचा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावायची, वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या भोकात, नाही. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूला नंबर वाटणारा, घरात तो एकच हवा, दोन झाले की नंबरांची मारामारी. हे सगळं करूनही जर वायर नेणं शक्यच नसेल, सोसायटीनं किंवा इंटिरियरवाल्यानं हात लावू दिला नाही, तर मग मेश घ्या, तेव्हा ती पैसे वसूल करते. तेव्हाही तीन डब्यांच्या ऐवजी दोनच घ्या.

लाईट जाऊन आल्यावर निम्मं घर मुकं होतं ते वेगळं प्रकरण. लाईट आले की बल्ब पाच सेकंदांत जागा होतो आणि वायफाय शोधायला लागतो, राउटर आणि फायबरचा डबा उठून तोंड धुवून यायला दोन-तीन मिनिटं घेतात. काही बल्ब शोधत राहतात, काही थोडा वेळ शोधून गप्प बसतात. यावर राउटरसाठीचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेले तरी डबे चालू ठेवणारी बॅटरी, मिळतो, हजार-दोन हजारांत. घ्यायच्या आधी दोन्ही डब्यांच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं, पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. आतापर्यंत सांगितलं त्यातली नवी खरेदी केबल सोडली तर ही एवढीच, आणि पावसाळ्यात तिचे पैसे वसूल होतात. दुसरं, पावसाळ्यात लाईट कसे भुरभुर येतात-जातात, तर बऱ्याच बल्बांत लागोपाठ तीन ते पाच वेळा बंद-चालू केलं की ते सगळं विसरून नवीन जोडणीला तयार होतात, तसंच बनवलेलं असतं. म्हणजे महावितरणनंच तुमचा बल्ब रीसेट केला असं समजा. तो लुकलुकत बसला असेल तर हेच झालंय, परत जोडण्याशिवाय उपाय नाही. आणि ॲपमध्ये "लाईट आल्यावर काय करायचं" असं सेटिंग असतं, तिथे "आधी होतं तसं" निवडा, नाहीतर रात्री तीनला लाईट आले की अकरा बल्ब एकदम पेटतील आणि सगळी सोसायटी समजेल तुमच्याकडे चोर आलाय.

गिझरचं जरा गंभीरपणे सांगतो. तो प्लग किती अँपिअरचा आहे ते आजच बघा. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, आणि ३००० वॉटचा इन्स्टंट असेल तर १३. दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग असेल तर आज काढून टाका, १६ अँपिअरचाच हवा, आणि गिझर चालू असताना तो हाताला चटका लागण्याइतका गरम होत असेल तर तोही काढा. ऑफलाइन बल्बानं फार तर चिडचिड होते, तापलेल्या प्लगनं भिंत काळी होते.

बटणं बरी होती असं सासूबाई म्हणतात ना, त्यांचं ऐकाच. स्मार्ट बल्बाऐवजी स्विचबोर्डच्या मागे बसणारं छोटं मॉड्यूल मिळतं, त्यात भिंतीवरचं बटणही चालतं आणि मोबाईलही, वायफाय मेलं तरी बटण मरत नाही. त्याला बोर्डात न्यूट्रल वायर लागते, ज्या बोर्डावर पिन लावायचं सॉकेट आहे तिथे ती असतेच, नुसती बटणंच आहेत तिथे इलेक्ट्रिशियनला बघू द्या, आणि बसवायलाही तोच, हे मिस्टरांच्या हौसेचं काम नाही. सगळीकडे नको, स्वयंपाकघर, पॅसेज आणि सासूबाईंची खोली एवढंच करा.

राहिला त्यांच्या खोलीतला कॅमेरा. ताई, वायफायचा बिघाड घड्याळ बघून येत नाही. शेजारणीचा मायक्रोवेव्ह २.४ वर गोंधळ घालतो हे खरं, पण तो काही रोज एक ते चार चालत नाही. त्या कॅमेऱ्याच्या प्लगचं बटण पलंगाच्या कुठल्या बाजूला आहे ते जाऊन बघा. आणि बसवताना त्यांना विचारलं होतंत का? पडल्या-बिडल्या तर कळावं म्हणून लावला असणार, काळजी खरीच आहे, पण झोपल्यावर कोणी बघत बसलेलं मला तरी आवडणार नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी विचारा सरळ. नको म्हणाल्या तर तो कॅमेरा बाहेर पॅसेजमध्ये जाऊ दे, आणि त्यांच्यासाठी दोनशे-चारशे रुपयांची साधी बिनवायरची बेल आणा, बटण त्यांच्या उशाशी, घंटा तुमच्या ओट्यापाशी, तिला वायफाय लागतच नाही.